बंद पट्ट्यातली हाक

सरकारी नोंदीत तो चराई-रक्षक होता, पण डोंगरावर त्याला सगळे नकल्या म्हणत. कधी गमतीनं, कधी दात-ओठ खात. राखीव गवताळ डोंगराचे पट्टे पाडलेले होते आणि दरवर्षी त्यातला एक पट्टा बंद असे, गवताला उसंत मिळावी म्हणून. तारेचं कुंपण होतं, पाटीही होती. गाईंना त्या पाटीचा उपयोग एवढाच, की मान खाजवायला बरी.

बाकीचे रक्षक काठ्या घेऊन गुरांमागे धावत. गुरं उधळत, कोवळी रोपं तुडवली जात, आणि राखायला गेलो ते आपणच मोडून आलो, असं होई. नकल्याला ते पटेना. गुरं आपापल्या मालकाच्या हाकेला येतात हे त्यानं पाहिलं होतं. मग त्यानं एकेका गुराख्याची हाक घशात बसवली. कुंपणाच्या फटीशी उभं राहायचं, हाक मारायची आणि श्वास रोखून कान द्यायचा, म्हणजे गुरं कोणत्या अंगानं येताहेत ते कळतं. गुरं रांगेनं बाहेर येत. गुराखी चिडत, मग हसत.

सगळ्यात अवघड हाक होती वरच्या वस्तीवरच्या म्हाताऱ्या गुराख्याची. दोनदा खोल आणि लांब, तिसऱ्यांदा अचानक वर चढणारी. ती बसवताना नकल्याच्या नाकीनऊ आले.

"जमलीय लेका," म्हातारा म्हणायचा, "पण अजून कच्ची आहे. काय राहिलंय ते मात्र सांगणार नाही. सांगितलं तर गाई तुझ्याच व्हायच्या!"

गेल्या थंडीत म्हाताऱ्याच्या छातीनं दगा दिला. तो बंद पट्ट्यातच, एका मोठ्या दगडाला टेकून बसलेला सापडला. गाई त्याच्याभोवती उभ्या होत्या. नकल्यानंच त्याला पाहिलं आणि त्यानंच जाऊन त्याच्या बायकोला सांगितलं. त्या दिवसापासून गाई सुटल्या की थेट त्या दगडापाशी जात. चरतही नसत धड, नुसत्या उभ्या राहत.

पहिल्यांदा गेल्या तेव्हा नकल्यानं सवयीनं म्हाताऱ्याची हाक मारली. गाई आल्या. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याची बायको त्याच्या चौकीच्या दारात उभी.

"भाऊजी, ती हाक पुन्हा मारू नका. तुम्हीच मारता हे कळतं मला. तरी हातातलं काम गळून पडतं."

"नाही मारणार, वहिनी," त्यानं शब्द दिला.

शब्द पाळला, आणि तिथंच घोटाळा झाला. गाई काठीला दाद देईनात, वहिनीच्या आवाजाला तर नाहीच. नकल्याच्या वरच्या साहेबांनी दोनदा त्यांना आत पकडलं. तिसऱ्यांदा सापडल्या तर चराईचा परवाना जाणार होता. मग गाई विकण्यावाचून तिला गत्यंतर नव्हतं, आणि गाईंशिवाय त्या घरात दुसरं होतं काय?

आणि एका सकाळी दाट धुक्यात गाई पुन्हा आत गेल्या. खालच्या वळणावर साहेबांच्या गाडीचा आवाज ऐकू येऊ लागला. नकल्या फटीशी उभा राहिला. दिलेला शब्द त्याला आठवला. मग त्यानं डोळे मिटले आणि हाक मारली. दोनदा खोल, तिसऱ्यांदा वर. नेहमीप्रमाणे श्वास रोखला. वर धुक्यात काहीतरी ठसकलं. गाय असेल, असं तो स्वतःशीच म्हणाला.

गाई एकामागून एक बाहेर आल्या. साहेबांची गाडी आली, काचेतून नजर फिरली, गाडी पुढे गेली. नकल्याचा जीव भांड्यात पडला, तोच वस्तीच्या वाटेनं वहिनी अनवाणी धावत आली. केस सुटलेले, हात पिठानं माखलेले. त्याला पाहून ती थबकली.

"तुम्हीच होय," ती म्हणाली.

"वहिनी, माफ करा. साहेबांची गाडी—"

"हाकेचं नाही म्हणत मी. तुमची हाक मी इतकी वर्षं ओळखते. ह्यांची हाक संपली की ह्यांना खोकला यायचा, एकदाच. तुम्ही कधी खोकत नाही." तिला दम लागला होता. "आज खोकलात. म्हणून धावले मी. भाऊजी, तुम्हीच खोकलात ना?"

नकल्याच्या मानेवर काटा उभा राहिला. त्यानं श्वास रोखला होता. नाही म्हणावं, तर ही बाई रोज धुक्यात त्या दगडापाशी जाऊन बसेल, आणि एके दिवशी तिलाही शोधून आणायची पाळी त्याच्यावरच येईल. हो म्हणावं, तर?

"मीच," तो म्हणाला. "थंडीनं घसा धरलाय."

तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी विझलं. त्याला स्वतःची शिसारी आली. मेलेल्या म्हाताऱ्याला आपण आत्ता पुन्हा मारलं, आणि तेही हिच्यासमोर, असं त्याला वाटलं.

"बरं," ती म्हणाली आणि पदराला हात पुसून गाई हाकू लागली. गाई हलेनात. साऱ्यांच्या माना वर, दगडाच्या दिशेला वळलेल्या. तिनं सगळ्यात म्हाताऱ्या गाईच्या पाठीवर थोपटलं, तेव्हा कुठं त्या निघाल्या.

दहा-बारा पावलं गेली असतील. वरून पुन्हा खोकल्याचा आवाज आला. एकदाच, आणि आता अगदी स्पष्ट.

वहिनी जागच्या जागी थांबली.

नकल्या खोकू लागला. मोठमोठ्यानं, वाकून, छाती धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकत राहिला. थांबला तर वरचं पुन्हा ऐकू येईल, या धास्तीनं थांबेचना.

तिनं मागं वळून पाहिलं नाही.

"घसा सांभाळा, भाऊजी," एवढंच म्हणाली आणि गाईंमागून धुक्यात शिरली.