हात ठेवा, दाजी

माझ्या मेहुण्यासारखा काट्याला जपणारा माणूस पनवेलमध्ये दुसरा नाही, उरणपर्यंत शोधलात तरी मिळायचा नाही. मी शिकलेला नाही, पण माणसं पाहिलीत. बाजारात त्याचं सुक्या मासळीचं आणि मसाल्याचं दुकान आहे, आणि गल्ल्यावर तो वजन करून आपोआप लेबल छापणारा काटा. सकाळी देवाच्या आधी हा काट्यापुढे वाकतो. पाणसळीतला बुडबुडा मधोमध नसला तर काट्याचे पाय फिरवत बसतो. गिऱ्हाईक खोळंबलं तर खोळंबलं. एकदा म्हणाला, "तिरका काटा नि तिरका जावई, दोघंबी घर बुडवतात." त्यांच्या घरचा जावई मी एकटाच. छपाईची पट्टी कापसाने अशी पुसतो की तान्ह्या पोराचे कान साफ करतोय वाटावं. दसऱ्याला त्याची बायको हार घेऊन आली, तर काट्याचा शून्य हलेल म्हणून हार भिंतीला घातला. ताटलीला हात लावायची तर तिलाही बंदी. आधी रिकामा डबा ठेवून त्याचं वजन वजा करायचं, मग माल, ही सवय इतकी मुरलीय की लग्नाच्या पंगतीत आमटी वाढली तरी पुटपुटतो, "द्रोण वजा." आणि तारखेशिवाय पुडी दुकानाबाहेर जात नाही. माल कधी बांधला, कधीपर्यंत खायचा, सगळं लेबलावर हवं.

त्या काट्यावर एक बटण माझ्या बायकोचं होतं. ती याची थोरली बहीण. उन्हाळ्यात मिरच्या भाजून मसाला करायची, तो इथे खपायचा. बटण दाबलं की लेबलावर उमटायचं, 'सुमनताईचा मसाला'. ती गेली, मसाला संपला, बटण राहिलं. मेहुण्याची बायको म्हणाली, त्यावर आता बोंबील घाला. त्या दिवशी हा जेवला नाही.

परवा काटा चळला. जवळ्याच्या पुडीवर हळद छापायला लागला. दुरुस्तीवाला म्हणाला, आतली सगळी नावं पुसावी लागतील. मेहुण्याने त्याला चहाला पिटाळलं आणि मला बोलावून घेतलं. मी म्हटलं, पुसायच्या आधी तिचं एक लेबल मला काढून दे.

त्याने बटण दाबलं. काही आलं नाही. ताटलीवर वजन नसलं तर तो काटा कागद सोडत नाही, आणि मसाला तर उरला नव्हता. मी सुकटीची पिशवी पुढे केली. त्याने ती बाजूला सारली.

"बायच्या नावाखाली सुकट नाय जोखायची."

मग माझ्याकडे वळला.

"हात ठेवा, दाजी."

मी ठेवला. भर बाजारात, गिऱ्हाइकांदेखत. लेबल बाहेर आलं. तिचं नाव आणि खाली माझ्या हाताचं वजन. त्याखाली कधीपर्यंत खायचं ती तारीखही आपोआप आली होती. मेहुण्याने कात्री घेतली, तेवढी पट्टी कापून टाकली, आणि लेबल माझ्या हातात दिलं. ताटली पुसायची त्याला आठवण राहिली नाही.

ते आता तिच्या मसाल्याच्या बरणीवर आहे. बरणी रिकामी आहे. झाकण मात्र मी घट्ट लावतो, वास आहे अजून.