करकसाठी थांबलेली मशाल

शुभांगी कर्णिक गेल्याचं तिच्या मुलाने फोन करून सांगितलं. "आई इज नो मोअर, काका," एवढंच तो म्हणाला. त्याला आता सहा आठवडे झाले. अमिरातीतल्या अल ऐनमध्ये आमची बारा वर्षांची मैत्री. इथे तिचा विषय निघाला की लोक आधी हसतात, मग मशालीचं विचारतात.

शुभांगी इस्पितळात लॅब टेक्निशियन होती. हौसेने बर्फाळ प्रदेशातला हस्की कुत्रा आणायचा आणि उन्हाळा लागला की सोडून द्यायचा, असं करणारे इथे आहेत. असे सोडलेले सहा कुत्रे तिच्याकडे जमले. थंडीत रोज पहाटे ती त्यांना चाकांच्या स्लेजला जुंपायची आणि मागे उभी राहून कच्च्या रस्त्याने पळवायची. मग ती राहायची त्या व्हिलाच्या मालकाने महिनाअखेरपर्यंत कुत्रे हलवायला सांगितले. हस्की आवरत नाहीत म्हणून कुणी घ्यायला तयार नव्हतं. त्याच महिन्यात आमच्या वस्तीच्या क्रीडास्पर्धेची मशाल निघणार होती. शेवटचा टप्पा तिने आपल्या कुत्र्यांच्या स्लेजसाठी स्वतः मागून घेतला. "चारचौघांत नीट पळाले ना, की लोक आपणहून विचारतील," ती म्हणाली.

नीट पळाले... बशीरच्या कॅफेटेरियापर्यंत. रोजच्या फेरीत ती तिथे करक चहा घ्यायची आणि कुत्र्यांना पराठ्याचा तुकडा मिळायचा. त्या दिवशीही सहाही जण तिथे थांबले आणि ओळीने बसले. पुढे मैदानात पाहुणे ताटकळत होते.

"मॅडम, यल्ला, यल्ला!" स्वयंसेवक ओरडला.

"अहो, मला काय सांगता? त्यांना सांगा!"

बशीर पराठे घेऊनच बाहेर आला. "दीदी, मशाल रुकेगा. ये लोग नहीं मानेगा."

मी बघ्यांमध्ये उभा होतो. तिने मशाल माझ्या हातात दिली. "धर. आणि फुंकर मारू नकोस, वाढदिवस नाहीये."

पराठ्याचे सहा वाटे झाले. तिने उभ्याउभ्या चहाही संपवला. तोवर रस्त्यावरची पोरं कुत्र्यांच्या गळ्यात पडली होती. एकही गुरगुरला नाही. मशाल अकरा मिनिटं उशिरा पोचली. "खलास," ती मला म्हणाली, "आता कोण घेतंय यांना!"

पहिला फोन त्याच संध्याकाळी आला. "तो शहाण्यासारखा बसलेला करडा कुत्रा मिळेल का?" महिनाअखेरपर्यंत पाच जणांना घरं मिळाली. सहावा, बुवा, म्हातारा म्हणून राहिला. तेवढ्या एकाला मालकानेही हरकत घेतली नाही.

बुवा आता माझ्याकडे असतो. पट्टा बांधला तरी तो लगेच निघत नाही. मान वळवून मागे बघतो... मी पुढून बाजूला होऊन त्याच्या मागे उभा राहिलो, की मगच चालू लागतो.