लीलाकाकूचा डावा गाल

माझ्या लीलाकाकूचा आवाज मोहगावातून सौंसरच्या बसस्टँडपर्यंत ऐकू जाई, अशी आमच्याकडे तक्रार होती. संत्री निवडायला बसली की डाव्या गालात तंबाखू, उजव्या बाजूनं शिव्या आणि दोन्ही हातांनी लहान-मोठं फळ वेगळं. पेट्या भरणारे पुरुष तिला वचकून असत. पण तिचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ शालिकरामजी, आमचे मोठे बाबा, लांबून जरी दिसले तरी पदर नाकाखाली यायचा आणि आवाज बंद. लग्नाला पंचवीस वर्षं होत आली होती; भासऱ्याशी ती एक शब्दही थेट बोलली नव्हती. दोघं एकाच ओट्यावर, आणि मधे मी. "मधू, सांग, वांगे तोडून झाले." "मधू, सांग तिले, बाजारात धाड म्हणा." बी.ए. होऊन घरी बसलेल्या माणसाला निदान एवढं तरी काम होतं.

शहाऐंशीच्या हिवाळ्यात काकू भाकर दुधात कुस्करून खाऊ लागली. ठेच्याशिवाय घास न उतरणारी बाई मिरचीचं नाव काढेना.

"काकू, लहान लेकरू झाली का तू?" मी चिडवलं.

ती चिडली नाही. मागच्या वर्षी तिच्याच शेजारी बसून संत्री निवडणारी कलाबाई अशीच दूध-भाकरीवर आली होती. गळ्याला गाठ दिसली तेव्हा तिला नागपूरला नेलं. फार उशीर झाला होता.

"तोंड दाखव," मी म्हटलं.

"तू का डाक्टर होय?"

डॉक्टर डिसेंबरात आल्या. तंबाखू खाणाऱ्यांच्या गालांवर संशोधन करणारी एक तुकडी नागपूरहून जीपनं आली आणि शाळेच्या एका वर्गात काचपट्ट्या मांडून बसली. डॉक्टरीणबाई सांगत होत्या, "कॅन्सर एका दिवसात होत नाही. आधी गालातल्या पेशी बिघडतात. प्रत्येक पेशीच्या मधोमध एक ठिपका असतो, तो तिचा कारभार पाहतो. तो फुगला, वेडावाकडा झाला, की आम्हाला ते सूक्ष्मदर्शकात दिसतं. वरून नुसता पांढरा चट्टा असतो, दुखतही नाही फारसा. तेव्हाच सापडलं तर माणूस वाचू शकतो."

सगळं ठीक होतं, पण डॉक्टरीणबाईंच्या शेजारच्या खुर्चीवर मोठे बाबा बसले होते. शिबिर त्यांनीच गावात आणलं होतं. पुरुष भराभर तोंड दाखवून गेले. गालात तंबाखू असूनही मोठे बाबा तेवढे "माहं काय पाहता, मी म्हातारा" म्हणून सुटले. बाया दारापर्यंत यायच्या, खुर्चीकडे पाहायच्या आणि परत फिरायच्या. अर्ध्या गावाचे ते सासरे नाहीतर भासरे.

मी कानाशी लागलो. "मोठे बाबा, बाहेर चहा ठेवला आहे."

"इथंच आण."

"पाय तरी मोकळे करा."

"काहून? मी बसलो म्हणून लोकाईले भरोसा वाटून राहिला. मी उठलो तं सारे पळून जातीन."

काकू आली. स्टुलावर बसली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आ करा." पदर हलला नाही. पुन्हा म्हणाल्या. पदराच्या आत दात घट्ट मिटलेले मला दिसत नव्हते, पण कळत होते. बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न दिला. जीपची पुढची फेरी एकदम वर्षानं होती. डॉक्टरीणबाईंनी काचपट्ट्यांची पेटी मिटायला घेतली आणि काकू उठून दाराकडे निघाली.

चौकटीपाशी ती थांबली. पाठमोरीच.

"मधू, सांग तुह्या मोठ्या बाबाले. माह्या गालात चट्टा आहे. कलाबाईले होता, तसाच."

मोठे बाबा तिथंच होते, त्यांनी ऐकलं होतं; तरी रीत म्हणून मला बोलावं लागणार होतं. मी त्यांच्या खुर्चीजवळ गेलो.

"मोठे बाबा, काकू म्हणून राहिली..."

"ऐकलं मी."

ते उठले. मला वाटलं, आता जातील. त्यांनी खुर्ची उचलली, फळ्याकडे वळवली आणि पाठ करून पुन्हा बसले.

"सांग तिले, मी फळा वाचून राहिलो."

फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

काकूनं पदर वर केला. बॅटरीच्या उजेडात गालाच्या आत अंगठ्याएवढा पांढरा चट्टा दिसला. बाईंनी लाकडी काडीनं तो खरवडला, काचेवर पसरवला, काच स्पिरिटमध्ये बुडवली. चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. मागं दारात बायांची रांग लागली होती. दिवेलागण झाली तरी खुर्ची फळ्याकडेच होती.

उत्तर सौंसरच्या दवाखान्यात यायचं होतं. मी रोज बसनं जाऊन रिकामा परत येई. काकू विचारत नसे. माझ्या चपलांचा आवाज ऐकून फळं निवडायची थांबे, एवढंच. शेवटी उत्तर आलं: पेशी बिघडू लागल्या आहेत, कॅन्सर नाही. तंबाखू आजच बंद. सोडल्यावर बऱ्याच जणांचे चट्टे जाताना दिसत आहेत, हिचा जाईलच असं मात्र सांगता येत नाही.

काकूनं तंबाखू सोडली आणि आम्ही सगळ्यांनी भोगलं. तिच्या शिव्या आता दोन्ही बाजूंनी येऊ लागल्या. भाजलेला जवस चघळत ती दिवस काढी. उन्हाळ्यात नागपूरला दाखवलं, तेव्हा चट्टा अर्ध्यावर आला होता. अर्धा अजून होता.

त्या संध्याकाळी ओट्यावर मोठे बाबा येऊन बसले. मग म्हणाले, "मधू, विचार तिले. पहिला आठवडा कसा काढला?"

मी वळून पाहिलं. त्यांचा हात स्वतःच्या गालावर होता.

पदराआडून उत्तर आलं, "सांग, लय जीव खाते. पण निघते." मग जवसाची पुडी आली. ती तिनं माझ्या हातात दिली नाही. ओट्यावरून त्यांच्या पुढ्यात सरकवली.