पोटातली बिऱ्हाडं

अँटिबायोटिकचा जबर कोर्स संपला आणि माझं पोट रुसलं. उल्हासनगरात माझं पडद्याच्या कापडाचं दुकान आहे. अंबरनाथला बुवापाड्यातल्या एका खोलीतून इथवर मी निव्वळ जिभेच्या जोरावर आलो. गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाऊ देत नाही. पण पोटापुढे जीभ चालेना.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. मोठ्या आतड्यात असे जिवाणू राहतात, ज्यांना हवा सोसतच नाही. धान्याचा कोंडा, कडधान्याची सालं, भाजीचे दोरे, आपल्याला न पचणारं ते खातात. त्यातून जे तयार होतं त्यावर आतड्याचं अस्तर पोसतं.

"औषधाने त्यांतले बरेच गेले. उरलेल्यांना तुम्ही मैदा घालताय, तो त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. उपाशी राहिले की ते अस्तरच कुरतडतात."

"ही बिऱ्हाडं परत कधी भरतील?"

"काही आठवडे. कोंड्या-सालीचं खाणं हळूहळू वाढवा."

"आठवडे जास्त होतात मॅडम. थोडं कमी करा ना."

"ते घासाघीस करत नाहीत," त्या हसल्या.

मी कसला ऐकतोय! त्याच दुपारी नाचणीच्या तीन भाकऱ्या, वाडगाभर वालाची उसळ, वर कच्ची गाजरं. संध्याकाळी पोटाचा ढोल झाला. बायकोने घाबरून बदलापूरला, खरवईत राहणाऱ्या माझ्या ताईला फोन लावला. आई कंपनीत जायची तेव्हा ताईनेच मला भरवलं, वाढवलं.

या ताईवर माझा राग आहे. नव्या घराच्या बुद्धवंदनेला ती आली आणि न जेवता गेली. एवढं मांडव भरून माणूस जेवलं, आणि सख्खी बहीण उपाशी! तेव्हापासून फोनवर फक्त 'जय भीम, बरं आहे'.

ती डबा घेऊन आली. पातळ पेज, नाचणी नावापुरती.

"लहानपणापासून असाच. दिसलं की सगळं एकदम."

"तू बोलू नकोस. माझ्या घरी जेवली नाहीस."

"बस म्हणालास? केटररशी भांडत होतास. मी खुर्चीवर वाट बघून उठले."

"सख्ख्या बहिणीला आग्रह करायचा?"

"मग कोणाला करायचा?"

माझं डोकं तापलं. चांगलं तिखट उत्तर जिभेवर आलं होतं. पण ती चमच्यातली पेज फुंकत होती, तशीच, गाल फुगवून, जशी त्या एका खोलीत फुंकायची. मी तोंड उघडलं आणि पेज गिळली.

वाटी संपली तशी तिने पिशवी उचलली. "निघते आता."

पुन्हा उपाशीच जाणार होती.

"ताई, जेवायला बस."

ती थांबली, पण बसली नाही.

"बस ना गं. भाकरी आहे दुपारची."

तिने पिशवी खाली ठेवली. "अर्धीच वाढ."

"एक."

"अर्धी म्हटलं ना!"

माझा राग गेलाय असं नाही. पण पाऊण भाकरीवर पटलं.