इसक्कीमुत्तूचं एकच औषध

तमिळनाडूतल्या शंकरनकोविलात कुणाचाही कॉम्प्युटर बंद पडला की इसक्कीमुत्तू येतो, दोन बटणं दाबतो, चहा मागवतो आणि चहा संपायच्या आत निदान सांगतो, "फॉरमॅट मारू या." व्हायरस शिरलेला असो, उंदरानं वायर कुरतडलेली असो, नाहीतर नुसता माऊसचा सेल संपलेला असो, औषध एकच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. हेडमास्तरांच्या मुलीच्या लग्नाचे फोटो त्यानं असेच पुसून टाकले. हेडमास्तर रडकुंडीला आले, तर हा म्हणतो, "सर, पोरगी सुखात आहे ना? मग फोटो कशाला?"

तरी गाव त्यालाच बोलावतं, कारण बोलावलं की तो येतो. या एका गुणावर त्याचे बाकीचे सगळे अवगुण आजवर खपून गेले आहेत.

मी विट्याकडच्या गलाईवाल्यांच्या घरातला. आजोबा सोनं गाळायला इकडे आले, मी मात्र फ्लेक्स आणि पोस्टर बनवायचं दुकान टाकलं. खिशात दमडी नसली तरी गाव मला 'सेटू', म्हणजे शेठ, म्हणतं. इथं कान टोचण्यापासून तिरडीपर्यंत प्रत्येक गोष्टीचं पोस्टर लागतं, त्यामुळे गावातली झाडून सगळी तोंडं माझ्या एका हार्ड डिस्कमध्ये. तिचे दोन भाग पाडलेले. 'सी'मध्ये कॉम्प्युटर चालवणारी यंत्रणा, 'डी'मध्ये फोटो. फोटोंची जादा प्रत कुठं ठेवू, असं मी इसक्कीमुत्तूला विचारलं होतं. "डीमध्येच आणखी एक फोल्डर कर. सी गेला तरी डी कुठं जातोय?" म्हणजे घराला आग लागली तर शेजारच्या खोलीत जाऊन बसायचं. आणि मी मान डोलावली होती. माझी अक्कल तेव्हा कुठल्या भट्टीत वितळत होती देव जाणे.

यंदा नवरात्रात 'सी' तुडुंब भरला. 'डी'मधली थोडी जागा काढून 'सी'ला जोडायला इसक्कीमुत्तू आला, तो नेमका खंडेनवमीच्या सकाळी. इकडे त्या दिवशी सगळी हत्यारं, यंत्रं देवीपुढे मांडतात आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत कुणी त्यांना हात लावत नाही. त्यानं काम सुरू केलं. पडद्यावरची पट्टी गोगलगाईसारखी सरकत होती, म्हणून मी चुरमुरे, फुटाणे आणि कोहळा आणायला बाजारात गेलो.

परत येतो तर सगळं थंडगार. कॉम्प्युटरच्या डब्यावर भस्माचे पट्टे, चंदनाचे ठिपके आणि पडद्याच्या मधोमध कुंकवाचा टिळा.

"अण्णाची," इकडे थोरल्या भावाला म्हणतात तशी मी हाक मारली, "काम झालं?"

"पूजा झाली."

"मी कामाचं विचारतोय."

"राहूकाळ लागत होता, सेटू. त्याच्या आत पूजा नको? आणि देवीपुढे यंत्र चालू ठेवतात का कुठं? मी बटण बंद केलं. उरलेलं दसऱ्याला."

भिंत अर्धी पाडून झाल्यावर गवंडी पूजेला निघून जावा, तसा हा प्रकार होता. तो प्रसाद बांधून घरी गेल्यावर मला राहवेना. देवीला नमस्कार करून मी बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरी ओळ आली: सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा तीच ओळ. मी त्याला फोन लावला.

"हात लावलास? पूजेतल्या यंत्राला?"

"मधेच बंद तुम्ही केलंत, अण्णाची."

"मी बंद केलं तेव्हा ते बरं होतं. तू हात लावलास आणि बिघडलं. आता देवीची माफी माग. दसऱ्याला येऊन फॉरमॅट मारतो."

चोराच्या उलट्या बोंबा. मी फोन चुरमुऱ्यांच्या ढिगात फेकला. दुपारचं जेवणही मला गेलं नाही.

ऊन कलायच्या सुमारास तो पायरीशी येऊन उभा राहिला. अंगात सदरा नाही, खांद्यावर ओला पंचा, मागं त्याची बहीण पेच्चियम्मा. मी सकाळपासून जुळवून ठेवलेली वाक्यं काढणार, तोच तो म्हणाला, "अम्मा गेली. जेवायला उठवायला गेलो, तर उठलीच नाही."

अंधार पडायच्या आत तिला न्यायचं होतं. त्याआधी कोपऱ्यावर पोस्टर लागायला हवं होतं आणि उशाशी फोटो.

"सेटू, माझ्या पोराच्या कान टोचण्याचा बॅनर केला होतास ना," पेच्ची म्हणाली, "त्यातला अम्माचा फोटो दे."

"आधार कार्डावरचा नाही चालणार?"

"त्यात ती चोरी करताना सापडल्यासारखी दिसते. लोकांनी तशी बघायची तिला शेवटची?"

"आणि तो बॅनर?"

"शेळ्यांच्या छपरावर घातला. उन्हानं पांढरा फटक पडलाय. फोटो काढलेला फोन आमच्या यांनी विहिरीत पाडला. दुसरा फोटो नाहीच तिचा. कॅमेरा दिसला की चुलीमागं पळायची."

मी इसक्कीमुत्तूकडे बघितलं. तो पायरीकडे बघत होता. फोटो कुठं आहे ते त्याला ठाऊक होतं. मला त्याचा असा राग आला होता की दोन थोबाडीत द्याव्यात, पण त्याच्या खांद्यावर ओला पंचा होता.

त्याला सुतक, आत पूजा मांडलेली, म्हणजे तो उंबरा ओलांडणार नाही. मीच देवीला हात जोडले आणि तिच्यापुढचा चंदन लावलेला स्क्रू-ड्रायव्हर उचलला. बाहेरून सूचना सुरू झाल्या.

"डावीकडे फिरव. नाही, उजवीकडे. थांब, आधी मागचा स्क्रू."

"अण्णाची, एकदाच काय ते ठरवा."

"याचं जन्मभर हेच," पेच्ची म्हणाली. "अम्मा म्हणायची, याला दिवा लावायला सांगितला तर वात शोधता शोधता घर पेटवेल."

डिस्क निघाली. हिशेबाच्या जुन्या लॅपटॉपवरचं कुंकू पुसून ती मी त्याला वायरनं जोडली. पडद्यावर एक चौकट आली. त्याला बाहेरून दिसत नव्हतं, म्हणून मी मोठ्यानं वाचलं, "ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. करायची का?"

"घे," पेच्ची म्हणाली. "दादा, तुझंच औषध सांगतंय ते."

दिवसभराचा वैताग माझ्या जिभेवर आला. बाण 'हो'वर नेऊन मी वळलो. "बोला अण्णाची. मारू फॉरमॅट?"

मी टोमणा मारला होता. त्यानं उंबरा ओलांडला, कोहळ्याला ठेचकाळला, चुरमुरे तुडवले आणि माझं मनगट धरलं.

"नको, सेटू. अम्मा आहे त्यात."

त्याचा हात गार पडला होता. मला स्वतःची लाज वाटली. सुतकाचं कुणी काही बोललं नाही.

मग तो तिथंच जमिनीवर बसला. हरवलेले भाग शोधणारा एक प्रोग्राम त्याच्याच किल्ल्यांच्या जुडग्यातल्या पेनड्राइव्हवर होता. फॉरमॅट मारणाऱ्यावर हरवलेलं शोधायची वेळ कधी येणार, म्हणून तो आजवर उघडलेलाच नव्हता. दोनदा चुकीचं बटण दाबून त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मी दात-ओठ खात बघत राहिलो. अखेर 'डी'ची जुनी हद्द सापडली. कान टोचण्याचं फोल्डर उघडलं, पण त्यातला एकेक फोटो नुसत्या करड्या रेघा होऊन येत होता. प्रत्येक रेघाळ फोटोला तो "पुढचा" म्हणायचा, आणि प्रत्येक वेळी त्याचा आवाज आणखी खाली जायचा.

एका फोटोत अम्मा आली. विड्यानं गाल फुगलेला, कुणाच्या तरी बोलण्यावर मनापासून हसणारी. हनुवटीपर्यंतच होती, त्याखाली सगळं करडं.

"एवढी पुरे," तो म्हणाला.

हनुवटीखाली मी गुलाबांचा दाट हार काढला. अंधार पडायच्या आत पोस्टर कोपऱ्यावर लागलं. लोक थांबून म्हणत होते, अगदी आत्ता बोलेल बघा.

सोळाव्या दिवसाचा विधी झाल्यावर तो कामाला लागला. आता गिऱ्हाईक स्वतःहून म्हणतं, "अण्णाची, फॉरमॅट मारून टाका." तर हा त्याला बसवून घेतो. "आधी सांग, आत कोण कोण आहे?" एकेक फोल्डर उघडतो, प्रत्येक मावशी-काकाची चौकशी करतो. चहा संपेपर्यंत होणाऱ्या कामाला दिवस मावळतो, आणि चहा जातो माझ्या दुकानातून. मी वैतागून गेलो आहे.

परवा तो हेडमास्तरांकडे गेला होता, लग्नाचे फोटो पुसलेला त्यांचा तो जुना कॉम्प्युटर अजून आहे का विचारायला. त्यांनी तो कधीच भंगारात घातला होता. तिथून तो माझ्या पायरीवर येऊन बसला, आणि त्यानं चहासुद्धा मागितला नाही.