कुणाचंच नसलेलं जाळं

सुमनआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी उज्जैनच्या टावर चौकात भाजी घेत होते. त्याला आता दीड महिना झाला... नानाखेड्याच्या घरी चाळीस वर्षं तिनं बायका-मुलींना शिवण शिकवलं, पण मला ती आठवते समुद्रकाठी. समुद्र तिनं पहिल्यांदा पाहिला चौसष्टाव्या वर्षी, माझ्यासोबत, कोकणात.

पहिल्याच सकाळी वाळूत एक हिरवा ढीग दिसला. जवळ गेलो तर नायलॉनचं जाळं, समुद्रात कधीतरी कुणीतरी सोडून दिलेलं. त्यात मेलेले खेकडे, माशांचे सांगाडे, एक पक्षी... आणि मधोमध परातीएवढं कासव, जिवंत. दोरा मानेत रुतलेला. मी वनखात्याला फोन लावला. माणसं निघाली होती, पण पोचायला तास लागणार होता. "ओढू नका, ओलं कापड टाका," त्यांनी बजावलं. मी ओढणी भिजवून त्याच्या पाठीवर घातली. आत्यानं तोवर पर्समधून दोरे कापायची छोटी कात्री काढून वाळूत बैठक मारली होती.

"ह्याचा मालक कोण गं?"

"आता कुणीच नाही."

तिची कात्री थांबली. "मालक सोडून गेला, तरी हे आपलं मारतंच बसलंय?"

एकेक फास तिनं असा सोडवला, जणू कुणाच्या लग्नाचं जरीचं पोलकं उसवतेय. मानेतला शेवटचा धागा तुटला आणि कासवानं मोठा उसासा टाकला, थेट माणसासारखा. वनखात्याच्या लोकांनी येऊन त्याला तपासलं, मग पाण्याकडे तोंड करून सोडलं. एक लाट आली, दुसरी आली... आणि तिसरीत ते नव्हतं. आत्या हात जोडून तशीच उभी. "एवढं अफाट पाणी," ती पुटपुटली, "आणि त्यात ह्याला हलायला जागा उरली नव्हती."

उज्जैनला परतल्यावर ती रोज सकाळी क्षिप्रेच्या काठानं गावाबाहेरपर्यंत जायची आणि टाकलेली जाळी गोळा करायची. तिथे मासे धरणारा कैलाश हसला, "अम्मा, फटा जाल है, अब किस काम का?"

"तेरे काम का नहीं रे, पर मछली को क्या मालूम?"

पुढे फाटकी जाळी तो स्वतःच घरी आणून द्यायला लागला आणि आत्या त्यांचे बारीक तुकडे करून कचरागाडीत टाकायची.

तेराव्याच्या दिवशी तो जाळ्यांची गोणी घेऊन दारात आला. त्याला काहीच माहीत नव्हतं. मी सांगितलं तसा पायरीवरच बसला. गोणी पुढ्यात ओढून म्हणाला, "दीदी, ये अब किसको दूँ?"

मी गोणी आत घेतली.

परवा तो पुन्हा आला, आणखी दोघांना घेऊन. तिघांच्याही खांद्यावर जुनी जाळी. त्यातल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "अम्मा का घर यही है ना?"

"हाँ बाबा," मी म्हटलं, "यही है."