दूध जड नव्हतं

मी अंगणवाडी सेविका आहे. बाळ दूध ओकतं म्हणून घाबरलेल्या सुनेला काय सांगायचं, ते मला पाठ आहे. लहान बाळाच्या जठराचं वरचं तोंड अजून घट्ट मिटत नाही, म्हणून दूध वर येतं. थोडं-थोडं पाजा. पाजल्याबरोबर झोळीत टाकू नका, खांद्याशी उभं धरा, ढेकर येऊ द्या, पुढं अर्धा तास तसंच राहू द्या. झोपवताना पाठीवर झोपवा. वजन वाढतंय, बाळ हसतं-खेळतंय, तर ओकू द्या. बसायला लागलं की कमी होतं. मात्र उलटी हिरवी-पिवळी झाली, रक्त दिसलं, पिचकारीसारखी लांब उडाली किंवा वजन अडलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

अमडापुरात हे मी किती घरांत सांगितलं असेल, कोण जाणे. एका घरात मात्र वेळेवर उलटंच बोलले. ते घर माझं.

आठ वर्षांपूर्वी माझी मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. दोन आठवड्यांचा झाला आणि ओकायला लागला. कधी तोंडातून, कधी नाकातूनसुद्धा. फाटलेल्या दुधाचा आंबूस वास घरभर. माझ्या जुन्या सुती साडीचे तुकडे करून आम्ही दोघी खांद्यावर टाकून फिरायचो. आमचे मालक म्हणायचे, "मायलेकी खामगावच्या हमालावानी दिसून राह्यल्या." मुलगी हसायची, पण तिला भीती वाटायची. मी त्याला दर आठवड्याला अंगणवाडीत नेऊन टांगत्या काट्यावर घालायची. वजन छान वाढत होतं. तिला ते दाखवायची, समजावायची. इथपर्यंत माझं सगळं बरोबर होतं.

सव्वा महिना झाला तसा विहीणबाईंचा निरोप आला, वरवट बकालहून नातवाला बघायला येते म्हणून. बारशाला आल्या होत्या तेव्हा पोर झोपेत होतं, निभावून गेलं. आता तो जागा असणार, मांडीवर घेतला जाणार. तिथं ओकला तर त्या म्हणतील, माहेरी नीट पाहिलं नाही. त्यात मी सेविका, गावाला शिकवणारी. ही धास्ती माझी एकटीची होती. घरात दुसऱ्या कोणाला तिचं काही नव्हतं.

त्या दिवशी सकाळी नऊला मुलगी त्याला पाजायला बसली, तर मी अडवलं.

"आता पाजू नको. ते येऊन राह्यले. पोट रिकामं राह्यलं तर ओकणार नाही."

"आई, भूक लागली त्याले."

"तासाभरानं काही होत नाही."

एसटी उशिरा आली. तासाचे तीन तास झाले. मी त्याला माझं बोट चोखायला दिलं. त्यानं ते चोखून पाहिलं, सोडलं आणि असा रडायला लागला की शेजारीण डोकावून गेली.

विहीणबाई दारातूनच म्हणाल्या, "काय बाप्पा, भोंगा वाजवून आजीचं स्वागत करून राह्यला का?" त्याला हातात घेतलं आणि लगेच ओळखलं. "भुकेजला ना हा. पाजा त्याले."

मुलीनं आत नेऊन पाजलं. पोरगा श्वास न घेता गटागट प्यायला. ती खांद्यावर घेणार तोच विहीणबाईंना धीर निघाला नाही. त्यांनी तिच्या हातातून तो उचलला, मांडीवर घेतला, "माझा वाघ तो!" म्हणत दोनदा उडवला. तीन तासांची भूक एकदम भागवलेली. ती सगळी त्यांच्या नव्या साडीवर आली.

त्या रागावल्या नाहीत. पदरानं त्याचं तोंड पुसत एवढंच म्हणाल्या, "नेहमीच असं करते काय हा?"

इथं मला सांगता आलं असतं की लहान पोरं ओकतात; आणि आज मीच याला उपाशी ठेवलं होतं. मी म्हणाले, "हिचं दूधच जड आहे. पचत नाही त्याले."

जड दूध वगैरे काही नसतं. हे मला माहीत होतं. दोनच दिवसांपूर्वी मी त्याचं वजन केलं होतं. मुलगी दारात पदर सारखा करत उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि खाली मान घातली. आईच्या बोलण्यावर तिनं एरवी वाद घातला असता. पण हे सेविकेनं सांगितलं होतं. विहीणबाईंनीही त्यावर शंका घेतली नाही.

दोन दिवसांत जावई दुधाच्या पावडरीचा डबा घेऊन आले. त्यानंतरचे काही दिवस मुलगी मोरीत उभी राहून दूध पिळून टाकायची. मी बाहेर तांदूळ निवडत असायची. आवाज यायचा.

डब्यावरही पोरगा ओकतच होता. बसायला लागला तसं कमी झालं, वर्षाचा होईस्तोवर थांबलं. मुलगी सगळ्यांना सांगायची, "डब्यानं गुण आला त्याले." मी मान हलवायची. पुढं दर दिवाळीला ती आली, राहिली, गेली. मी मान हलवत राहिले.

गेल्या महिन्यात तिला मुलगी झाली, सासरीच. बारशाला निघायच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला.

"आई, येतानी खामगावहून डबा घेऊन ये. पोरगी ओकाले लागली. माझं दूध तुले माहीतच आहे."

खामगावला बस बदलायची होती. स्टँडजवळच्या मेडिकलवाल्यानं डबा काढून समोर ठेवला. मी डब्याकडे बघत उभी राहिले. तो म्हणाला, "मावशी, पाहिजे की नाही पाहिजे?"

"नाही पाहिजे," मी म्हणाले आणि शेगावमार्गे वरवटला जाणाऱ्या गाडीत बसले.

घरात शिरताच मुलीनं विचारलं, "डबा?"

"नाही आणला."

"इसरली?"

"नाही."

विहीणबाई आत बारशाच्या घुगऱ्या पाहत होत्या. मी त्यांना हाक मारली. खोटं त्यांच्यासमोर बोलले होते, तेव्हा खरंही त्यांच्यासमोरच बोलायला हवं होतं.

"विहीणबाई, आठ वर्षांमागं मी म्हणलं होतं, हिचं दूध जड आहे. ते खोटं होतं. पोराचं वजन चांगलं वाढत होतं. त्या दिवशी मीच त्याले तीन घंटे उपाशी ठेवलं होतं, तुमच्या अंगावर ओकू नये म्हणून. हिच्या दुधात काही खोट नव्हती. आताही नाही."

त्यांनी घुगऱ्यांचा हात पदराला पुसला. मग म्हणाल्या, "अन् अंगावर तर ओकलाच."

"हाव."

"तरीच मी म्हणो, डब्यावरही हा ओकून काऊन राह्यला." एवढं बोलून त्या घुगऱ्यांकडे गेल्या. राग होता की आम्हा दोघींना एकमेकींशी बोलू द्यायचं होतं, मला कळलं नाही.

मुलगी म्हणाली, "पोराले सर्दी झाली तरी मले वाटे, माझ्यातच काही कमी आहे. माझं दूध नाही भेटलं म्हणून."

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"तू रोज लोकाइले सांगत होती ना हे? मंग मले काऊन नाही सांगितलं?"

"लाज वाटली."

"कोणाची?"

"विहीणबाईची."

"अन् माझी नाही वाटली?"



तेवढ्यात बाळ कुरकुरलं. मुलीनं तिला जवळ घेतलं आणि पाजलं. थोडं पाजून सोडवलं, खांद्याशी उभं धरलं. मी हात पुढे केला.

"राहू दे. मी धरतो," ती म्हणाली.

पोरीनं ढेकर दिला आणि घोटभर दूध तिच्या खांद्यावरून खाली ओघळलं. तिनं ते पुसलं. माझ्याकडे न बघता विचारलं, "अर्धा तास सांगते ना तू सगळ्याइले?"

"हाव."

"मंग घड्याळाकडं पाह्य."

बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. मी घड्याळाकडे बघत बसले.